‘परदेशी पाहुणे’ : एका शब्दाची झाडाझडती

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

सुरुवातीलाच सांगतो, मी पक्षीतज्ज्ञ नाही. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. पक्षी बघतो ते हौसेनं, आणि पुष्कळदा चुकतोही. त्यामुळे आज पक्ष्यांची ओळख करून द्यायला मी उभा नाही. पक्ष्यांबद्दल आपण जे लिहितो, त्या मजकुराची मला जरा चिकित्सा करायची आहे. कवितेची करतो, कादंबरीची करतो, मग वर्तमानपत्रात दर डिसेंबरात येणाऱ्या त्या चौकटीची का करू नये?

तुम्हाला ती चौकट माहीत आहे. सुरुवात गुलाबी थंडीनं होते. मग ‘हजारो मैलांचा प्रवास करून’, मग ‘सैबेरियातून’, मग ‘परदेशी पाहुण्यांचं आगमन’. खाली फ्लेमिंगोंचा फोटो. शेवटी ‘पक्षीप्रेमींच्या डोळ्यांचं पारणं फिटलं’. (हशा.) तुम्ही हसताय, पण यातल्या प्रत्येक शब्दावर मी माझ्या विद्यार्थ्यांना निबंधात मार्क दिलेले आहेत. म्हणजे माझाही हात त्यात आहे.

आता हा मजकूर घेऊन आपण एका ठिकाणी जाऊ. नुसतं टेबलावर ठेवून त्याचं काही कळणार नाही. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण आहे. तिथून आत वळलं की कुंभारगाव, डिकसळ. उजनी धरणाचं पाणी तिथपर्यंत मागे पसरलेलं आहे. मी तिथे डिसेंबरात जात नाही, गर्दी असते. जातो फेब्रुवारीच्या शेवटी, महाशिवरात्रीच्या आगेमागे. त्या दिवसांत पहाटे अजून शाल लागते आणि नऊ वाजता ती काखेत येते. पळस फुललेला असतो. रानात जोंधळा कापणीला आलेला असतो. पाणी महिन्यापूर्वी होतं तिथून शे-दोनशे पावलं मागे सरकलेलं असतं, आणि मध्ये उघडा पडलेला चिखल. ओला, काळा, सकाळच्या उन्हात चकाकणारा.

सगळा खेळ त्या चिखलात आहे. पाण्यात थापटे आणि तलवार बदकं असतात, लांब उथळात रोहित उभे असतात, पण चिखलाच्या काठावर जी बारकी मंडळी पळत असतात, तुतवार, शेकाटे, चिमणीएवढे स्टिंट, ती माझ्या मते भिगवणची खरी वस्ती. बोटीतून कुणी त्यांच्याकडे बघत नाही. चौकटीतही ती नसतात.

आता शब्दाकडे येतो. पक्षीशास्त्राच्या इंग्रजीत ‘विंटर व्हिजिटर’ हा एक साधा कामाचा शब्द आहे. सलीम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ 1941 साली आलं. माझ्या पिढीतल्या बहुतेकांचं ते पहिलं पुस्तक. अशा पुस्तकांत प्रत्येक पक्ष्याखाली लिहिलेलं असतं की हा इथलाच, की हिवाळ्यात येणारा. ‘व्हिजिटर’ म्हणजे तिथे फक्त एवढंच, की याची वीण दुसरीकडे होते. त्यात भावना नाही. दवाखान्यातल्या ‘व्हिजिटर्स’च्या पाटीत असते तेवढीही नाही.

आपण त्याचं मराठी केलं ‘पाहुणा’. आणि इथे घोटाळा झाला. कारण पाहुणा हा शब्द मराठीत एकटा येत नाही. त्याच्यामागून पाहुणचार येतो, सरबराई येते, यजमान येतो, आणि मुख्य म्हणजे एक मुदत येते. पाहुणा चार दिवसांचा. पाचव्या दिवशी त्याला काय म्हणतात ते मी इथे सांगत नाही. पाहुण्याचं घरावर प्रेम असेल, हक्क नसतो. एका कामाच्या शब्दाचं आपण नातं करून टाकलं, आणि तेही चुकीचं नातं.

का चुकीचं? जरा महिने मोजू. ठिपकेवाला तुतवार, इंग्रजीत वुड सँडपायपर. हा आपल्याकडे ऑगस्टमध्येच दिसायला लागतो, कधी जुलैच्या अखेरीला. आपण अजून छत्री घेऊन फिरत असतो आणि हा हिवाळी पाहुणा नाल्याच्या काठावर शेपूट हलवत उभा असतो. जातो एप्रिलमध्ये. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने तो इथे. उत्तरेकडे जातो, घाईघाईनं अंडी घालतो, पिल्लं वाढवतो आणि परत निघतो. मला सांगा, आठ महिने ज्या घरात राहतो तिथे तो पाहुणा, आणि दोन-तीन महिने जिथे असतो ते त्याचं घर? हिशोब उलटा करून बघा. पाहुणा झालाच तर तो सैबेरियाचा.

दुसरा शब्द ‘परदेशी’. चौकटीतल्या फोटोत असतात ते रोहित, मोठे फ्लेमिंगो. त्यांच्या विणीची सगळ्यात मोठी आणि प्रसिद्ध जागा कच्छच्या रणात आहे. सलीम अलींनी 1945 साली तिथे जाऊन ती वसाहत पाहिली आणि तिच्याबद्दल लिहिलं. ठाण्याच्या खाडीत टॅग लावलेले रोहितही गुजरातेत गेल्याचं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासात दिसलेलं आहे. म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला ‘परदेशी’ पाहुणा पुष्कळदा गुजराती असतो. (हशा.)

बाकीचे? पट्टकादंब घ्या, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. तो मंगोलियात, तिबेटात वीण करतो आणि आपल्या लडाखमध्येही करतो. चक्रवाक लडाखमध्ये वीण करतो. तपकिरी डोक्याचा कुरव, तोही. आता उजनीवर माझ्यासमोर बसलेला अमुक कुरव लडाखचा की तिबेटचा हे मला कळायचं काही साधन नाही, आणि बातमी लिहिणाऱ्यालाही नाही. पण त्यानं सैबेरिया लिहिलेलं असतं. सैबेरिया हे आता ठिकाण राहिलेलंच नाही. आजीच्या गोष्टीत ‘साता समुद्रापलीकडे’ असायचं ना, तसं ते झालंय.

तुम्ही म्हणाल, सर, एवढं काय त्यात? एक शब्द आहे, लोकांना पक्ष्यांबद्दल आपुलकी वाटते, वाटू दे. मीही बरीच वर्षं असंच म्हणत होतो. माझा आक्षेप तपशिलाच्या चुकीला तेवढा नाही. त्या शब्दामुळे आपल्याला काय दिसेनासं होतं, त्याला आहे.

पहिली गोष्ट, जाणं दिसेनासं होतं. पाहुण्याचं आगमन ही बातमी असते. मराठी वर्तमानपत्रात पक्षी दर वर्षी येतात. ते गेल्याची बातमी तुम्ही कितीदा वाचलीत? आमच्याकडे आगमनाचं साहित्य भरपूर, निरोपाचं जवळजवळ नाही. आणि हिवाळ्याच्या शेवटी पाणथळ जागेवर जे चाललेलं असतं ती सगळी जाण्याचीच तयारी असते.

त्या कुरवाचंच बघा. नाव तपकिरी डोक्याचा, आणि डिसेंबरात त्याचं डोकं पांढरं असतं. डोळ्यामागे एक मळका डाग, बस. नवखा माणूस पुस्तक आणि पक्षी यांच्यात गोंधळून जातो. फेब्रुवारीच्या मध्याला त्या डागाचं काहीतरी व्हायला लागतं. तो पसरतो. एकाचं कपाळ माखलेलं, एकाची हनुवटी, एकाचं अर्धं डोकं. शेजारी शेजारी बसलेले दहा कुरव घेतले तर दहाही वेगळे. मार्चमध्ये सगळ्यांनी चॉकलेटात डोकं बुडवल्यासारखं होतं, आणि मग एक दिवस जागा रिकामी. गॉडविटच्या मानेवर विटकरी रंग चढायला लागतो. सिट्रीन वॅगटेल, म्हणजे एक धोबीच, त्याच्या नराचं डोकं हळदीनं माखल्यासारखं पिवळं होतं. चक्रवाकाच्या नराच्या गळ्यात बारीक काळी रेघ उमटते.

इथे मला आपल्या क्षेत्रपुस्तिकांवरही टीका करायची आहे. पुस्तिकेत पक्ष्याची दोन चित्रं असतात. एक विणीच्या काळातलं, एक एरवीचं. चित्रं उत्तम असतात. पण फेब्रुवारीतला पक्षी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. पुस्तकात त्याला पानच नाही. म्हणून मग लोक म्हणतात, आता काही मजा नाही, पिसारा धड नाही, ऑक्टोबरात या. मला हे उलटं वाटतं. पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर हेच दिवस, कारण चित्राशी ताडून काम भागत नाही. चोच बघावी लागते, चाल बघावी लागते, चिखलात चोच खुपसण्याची लय बघावी लागते. स्टिंट शिवणयंत्राच्या सुईसारखा टोचत जातो. शेकाट्या पाय उचलून जपून टाकतो, नव्या चपलेत चिखल ओलांडणाऱ्या माणसासारखा.

जाण्याचं साहित्य नाही म्हणालो, पण आपल्या परंपरेत ते होतं. ‘मेघदूत’ आठवा. त्यात राजहंस मानसरोवराकडे निघतात आणि वाटेची शिदोरी म्हणून कमळाच्या देठाचे तुकडे चोचीत घेतात. ते राजहंस म्हणजे नेमके कोण, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पट्टकादंब म्हणणारे आहेत, नाही म्हणणारे आहेत. पट्टकादंब धरले तर कालिदासाचं वेळापत्रक चुकलेलं आहे. आषाढात इथे पट्टकादंब नसतात, ते मार्च-एप्रिलमध्येच गेलेले असतात. पण बघा, शिदोरीची कल्पना किती अचूक! निघण्यापूर्वी हे पक्षी खरोखरच शिदोरी बांधतात. फक्त ती चोचीत नसते, कातडीखाली असते. चरबी साठवतात. चिखलातले काही लहान पक्षी निघायच्या आधी स्वतःचं वजन जवळपास दीडपट करतात. तीस-चाळीस ग्रॅमचा जीव, त्याचं दीडपट. त्याच्यावर पुढचा मुक्काम गाठायचा. कालिदासाचा महिना चुकला, गोष्ट बरोबर आहे. आमच्या चौकटीचा महिना बरोबर असतो.

आणि इथे मला माझं एक सांगायला हवं, नाहीतर हे सगळं दुसऱ्यावर बोट दाखवणं होईल.

काही वर्षांपूर्वी मी पाहुण्यांना, माणसांतल्या पाहुण्यांना, घेऊन बोटीत बसलो होतो. मार्चचा पहिला आठवडा. समोर तीन-चारशे रोहित, माना खाली घालून चरत होते. आमच्यातल्या एकाकडे मोठी लेन्स होती. तो म्हणाला, बसलेले फोटो खूप झाले. मी नावाडीदादांना म्हणालो, “दादा, जरा जवळ घेता का? उडतात का बघू.” हे मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, आणि बांबू टेकवून बोट पुढे घेतली. रोहित उडाले. पंखांचा आतला लाल-काळा रंग, सगळं आकाश भरलं. आमच्या बोटीत टाळ्या वाजल्या. परत येताना मी विचारलं, “रोज उडवावे लागतात का हो?” ते म्हणाले, “सर, तुम्ही म्हनला म्हनून. आम्ही नाय उडवत. सकाळधरनं आता तिसऱ्यांदा उठली ती.”

तिसऱ्यांदा. आता त्या शिदोरीचा हिशोब करा. दर वेळी उठायचं, घिरटी घालायची, परत बसायचं, आणि चरायची वेळ गेली ती गेलीच. मी ते का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, माझ्या डोक्यात ते आपल्याकडे ‘आलेले’ होते. आपल्यासाठी. आलेल्या माणसानं चार गोष्टी करून दाखवाव्यात अशी आपली अपेक्षा असते, भाची गाणं म्हणते तशी. पाहुणा शब्दाचा हा दुसरा परिणाम. त्यात आदर आहे असं आपल्याला वाटतं, पण त्यात करमणुकीचा हक्कही गृहीत धरलेला आहे. कुठे कुठे लोक कुरवांना शेव-फरसाण टाकतात. तोही पाहुणचारच की.

तिसरा परिणाम मला सगळ्यात गंभीर वाटतो. पाहुणा म्हटलं की यजमान आला. उजनीवर यजमान कोण? बातमीत यजमान म्हणजे ‘आपण’, म्हणजे पुण्याहून गाडी काढून आलेले. आता जरा पाण्याकडे बघा. हे पाणी निसर्गानं केलेलं नाही. भीमेवर 1966 ते 1980 या काळात धरण बांधलं. सुमारे 117 टीएमसी पाणी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, पाणी खूप उतरलं की ते वर येतं आणि लोक बघायला जातात. ज्या उथळ पाण्यावर आज रोहित उभे असतात, तिथे कुणाच्या तरी विहिरी होत्या, बांध होते. बोट चालवणारे बरेचसे मासेमारी करणारे, भोई समाजाचे. सकाळी चिलापीची जाळी काढायची आणि मग आम्हाला फिरवायचं. या माणसांना ‘पाहुणे आले’ ही भाषा कुठून सुचणार? त्यांच्या दृष्टीनं पक्षी हे पाण्याचाच भाग आहेत, माशांसारखे. आणि नंतर कोण आलं म्हणायचं तर आम्ही.

आणि तो चिखल, ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे, तो कसा उघडा पडतो? कालव्याची आवर्तनं सुटतात, उसाच्या मोटारी चालतात, खाली सोलापूरला नदीतून पाणी सोडतात. पाणी रोज थोडं मागे जातं आणि रोज चिखलाची नवी पट्टी मिळते. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनाची तारीख ठरते, तेव्हा तिथे बसलेल्या कुणाच्या मनातही नसतं की आपण चिमणीएवढ्या पक्ष्याचं ताट वाढतोय. पाणी एकदम ओढलं तर चिखल वाळून कडक होतो, चोच जात नाही. हळूहळू उतरलं तर महिना-दीड महिना पंगत चालते. त्याच चिखलावर मागोमाग गाळपेर होते. पाणी उतरलेल्या जमिनीत लोक पेरतात. त्याच गवतावर धनगरांची मेंढरं येतात. एकाच पट्टीवर आठ दिवस पक्षी, मग मेंढरं, मग पेरणी. हे सगळं मी बातमीत वाचलेलं नाही, काठावर उभं राहून बघितलेलं आहे.

भोरड्यांचं उदाहरण द्यायचं राहिलं. गुलाबी मैना. ही मध्य आशियातून, काही त्याच्याही पलीकडून, पूर्व युरोपाकडून येते. ऑगस्टमध्ये येते, एप्रिलपर्यंत असते. म्हणजे तुमच्या व्याख्येत अस्सल परदेशी पाहुणी. संध्याकाळी हजारोंचे थवे आभाळात लाटांसारखे वळतात, त्याचेही आता व्हिडिओ निघतात. पण सोलापूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. जोंधळा हुरड्यात आला की तो माळ्यावर गोफण घेऊन उभा असतो, कुणासाठी? भोरड्यांसाठी. तो तिला शिव्या देतो. पण तिचं नाव त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, तिची वेळ माहीत आहे, ती टोळांवरही तुटून पडते हेही तो सांगेल. हे नातं पाहुण्याशी नसतं. हे भाऊबंदाशी असतं. भांडण आहे म्हणजे हिस्सा मान्य आहे. मला विचाराल तर त्या गोफणीत चौकटीपेक्षा जास्त ओळख आहे.

मराठीत याचा चांगला नमुना नाहीच असं नाही. मारुती चितमपल्ली. वनाधिकारी म्हणून ते नवेगावबांधच्या तळ्याकाठी राहिले, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचताना लक्षात येतं, की हा माणूस बघायला आलेला नाही, राहायला आलेला आहे. तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून ते पाखरं शिकले, आणि ते ऋण त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. त्यांच्यावर माझा एक आक्षेप आहे, तोही सांगतो. संस्कृत शब्दाचं त्यांना फार प्रेम. कधी कधी गावातला रांगडा शब्द समोर असताना त्यांचा हात अमरकोशाकडे जातो. पण त्याच प्रेमातून त्यांनी आपल्याला दोन शब्द दिले : कावळ्यांच्या रात्रीच्या वस्तीला काकागार, आणि बगळे-बलाकांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार. आगार म्हणजे घर. इंग्रजी शब्द समोर असताना चितमपल्लींना घर दिसलं आणि वर्तमानपत्राला पाहुणा दिसला. भाषांतर करणाऱ्याची नजर कुठे असते ते यात कळतं.

भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावात असं एक सारंगागार आहे. कुंभारगावला कुरवांची डोकी रंगत असतात, निघायची घाई चाललेली असते, त्याच सुमाराला तिथे चित्रबलाक बाभळींवर काड्या आणायला लागतात. काही किलोमीटरचं अंतर. इकडे बांधाबांध, तिकडे संसार मांडणं. हिवाळा संपला म्हणून ‘सीझन संपला’ म्हणणाऱ्यांना हे दुसरं अर्धं दिसतच नाही.

आता एक कायद्याची गोष्ट, थोडक्यात. 2 फेब्रुवारी हा पाणथळ दिवस. 1971 साली इराणमधल्या रामसरला करार झाला त्याची आठवण. रामसरच्या व्याख्येत पाणथळ नैसर्गिक असो की माणसानं केलेली, दोन्ही बसतात. आपल्याकडे 2017 साली पाणथळ जागांचे नवे नियम आले. त्यांत खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले आहेत. म्हणजे नुसत्या या नियमांच्या व्याख्येत उजनी पाणथळ नाही. दुसरीकडे नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, तेही बंधाऱ्यानंच तयार झालेलं, 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. दोन्हीकडे गाळ तोच, पाखरं बरीचशी तीच. म्हणून मी म्हणतो, शब्दांशी खेळू नका. पक्षी ‘पाहुणा’ आणि पाणी ‘पाणथळ नव्हे’, हे दोन शब्द एकत्र ठेवा. राहणाऱ्याला भाडेकरूचीही पावती नाही आणि घराला घर म्हणून नोंद नाही.

वेळ झालीय, पण मघाशी चिठ्ठी आली होती ती वाचतो. “सर, मग ‘पाहुणा’ऐवजी कोणता शब्द वापरायचा?”

प्रश्न योग्य आहे. टीकाकाराला लोक हेच विचारतात आणि तो बहुधा पळून जातो. मी शब्द पाडणार नाही. पाडलेले शब्द जगत नाहीत, त्यांचा मला शाळेतला अनुभव आहे. पण मराठीत दोन घरं असणाऱ्या माणसांसाठी शब्द आहेत. कोकणात चाकरमानी म्हणतात. तो दहा महिने मुंबईत राबतो, गणपतीला आणि शिमग्याला गावी जातो. लग्न गावी, पोरांची नाळ गावी, पण पोट मुंबईत. त्याला मुंबईचा पाहुणा म्हणून बघा, काय उत्तर येतं ते. आमचा तो ठिपकेवाला तुतवार असाच चाकरमानी आहे. हा शब्द वापराच असं माझं म्हणणं नाही. पण बातमी लिहिताना एकदा मनात म्हणून बघा, आणि मग पुढचं वाक्य काय येतं ते पाहा. ‘मुंबईत चाकरमान्यांचं आगमन, पर्यटकांची गर्दी’ असं लिहिता येत नाही. त्याच्या खोलीचं काय, पाण्याचं काय, असंच लिहावं लागतं.

वारकरी शब्दही आहे, आणि तो आधीच दिलेला आहे. काळा, कपाळावर गोपीचंदनासारखा पांढरा टिळा असलेला चांदवा, इंग्रजीतला कूट, त्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात. उजनीत ते शेकड्यांनी तरंगत असतात, आणि हीच भीमा खाली पंढरपूरला जाते. कुणी ठेवलं असेल हे नाव? ठेवणाऱ्यानं पक्षी नीट बघितला होता एवढं नक्की.

अजून एक हात वर आहे तिथे मागे. हो, विचारा. काय म्हणालात? यंदा कधी जायचं? पुढच्या रविवारी जा. पहाटे साडेपाचला काठावर असा, बोट उशिरा घ्या, आधी तासभर चिखलाकडे बघा. आणि नावाडीदादांना फक्त एवढंच सांगा, लांबूनच चालेल.